मदत हवी आहे: नव्ह शापेल (उत्तर फ्रान्स) या गावाची पहिल्या महायुद्धाआधीची आणि नंतरची लोकसंख्या

खडकीच्या बॉम्बे सॅपर्सवर (भारतीय सैन्यातलं अभियंता दल) एक लेख लिहायला घेतला आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर जर्मनांच्या ताब्यातल्या नव्ह शापेलमध्ये शिरल्या. घराघरात हातघाई झाली, मागून कुमक आली नाही, गाव सोडून परतावं लागलं. पुढे १० मार्च १९१५ च्या लढाईत ब्रिटिश आणि भारतीय सैन्याने ते पुन्हा घेतलं. इथवरचं सगळं मिळतं.

गाडी अडली आहे ती गावकऱ्यांपाशी. ज्या घरांत संगिनी चालल्या ती कुणाची होती? १९११ मध्ये तिथे माणसं किती, त्यातली शेतीवर किती, आणि युद्धानंतर परतली किती? नुसतं "उद्ध्वस्त गाव" लिहून पुढे जाणं मला पटत नाही. गावातला एक क्रूस बचावला. पाय तुटलेली ती ख्रिस्तमूर्ती १९५८ मध्ये पोर्तुगालला दिली गेली (१९१८ मध्ये पोर्तुगीज सैन्य याच भागात लढलं होतं) आणि आज ती बाताल्याच्या मठात आहे. गावातल्या १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय जवानांची नावं आहेत. गावच्या माणसांचाही माग लागायला हवा.

ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दँच्या रणभूमीवरच्या फ्लरी गावात युद्धाआधी ४२२ माणसं होती, आज शून्य. तरी कागदोपत्री ते गाव आहे आणि त्याला नेमलेला महापौरही आहे. त्यावर भरपूर लिहिलं जातं. नव्ह शापेल पुन्हा वसलं, म्हणून मधल्या वर्षांबद्दल कुणी विचारत नाही. फ्रेंच जनगणनेची माहिती असलेलं कुणी आहे का इथे? तक्त्यांत १९११ नंतर थेट १९२१ कसं येतं?

प्रतिसाद

मोजणी दर पाच वर्षांनी व्हायची. १९१६ ची युद्धामुळे झालीच नाही, तसंच पुढे १९४१ चं. नुसते आकडे हवे असतील तर "कासिनीची गावं ते आजच्या कम्यून" (कम्यून म्हणजे गाव-शहराचा सर्वांत लहान प्रशासकीय घटक) या फ्रेंच संकेतस्थळावर गावाचं नाव टाका, १७९३ पासूनचे मिळतात.

पण तुम्हाला खरा उपयोग जनगणनेच्या नावनिशीवार याद्यांचा. घर, कुटुंबप्रमुखाशी नातं, धंदा, सगळं त्यात असतं. १९०६ पासून जन्मवर्ष आणि जन्मगावही. १९२१ ची यादी आधी काढा. जन्मगावाच्या रकान्यावरून मूळचे कोण आणि बांधकामाला, शेतीला बाहेरून आलेले कोण, हे बरंचसं कळतं. मग तीच आडनावं १९११ मध्ये शोधा. नुसती बेरीज बघितलीत तर फसाल, कारण आकडा भरून आला म्हणजे तीच माणसं परतली असं होत नाही.

पा-द-काले (नव्ह शापेल ज्यात येतं तो जिल्हा) इथल्या जिल्हा अभिलेखागाराकडे विचारणा करा. जुलै १९१५ च्या तोफमाऱ्यात आरास या जिल्ह्याच्या मुख्य शहरातलं बरंच दप्तर जळालं, म्हणून १९११ ची प्रत कुठे आहे हे स्पष्ट विचारा.

अलीकडचे आकडे वापरताना एक सांभाळा. २००४ पासून दहा हजारांखालच्या गावांत पाच वर्षांतून एकदाच घरोघर मोजतात, मधल्या वर्षांचे आकडे अंदाजाने काढलेले असतात.

पत्र फ्रेंचमध्ये लिहा. मसुदा इथे टाकलात तर तपासून देतो.