सत्कार कराच, पण त्या पोराचा खेळ काय आहे तेही सांगा

रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी नाव हाकायची शर्यत, खेळणाऱ्या आपल्याकडच्या एका पोराच्या सत्काराचा विषय निघाला, तर कुणीतरी म्हटलं, 'रोइंग कोल्हापुरात कोण बघतंय, सत्कार कशाला'. हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. कुस्ती आपल्या रक्तात आहे, मान्य. पण आपल्याच कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं पोहण्यात आणि स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत नाव काढलंच की!

दत्तू भोकनळचं बघा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दुष्काळी भागातला पोरगा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं नाव हाकत 13वा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत इंडोनेशियातल्या पालेमबांगला आदल्या दिवशी एकेरीच्या फायनलमध्ये शेवटी राहिला, दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावेत सुवर्ण! अर्जुन पुरस्कार मिळाला 2020 ला. मधल्या काळात किती जणांनी विचारपूस केली असेल?

हा खेळ नुसता दंडाचा नाही. बसायची सीट रुळांवर मागं-पुढं सरकते, खरा रेटा मांड्यांचा असतो. शर्यत 2000 मीटरची, तोंड मागं, म्हणजे शेवटची रेघ पाठीमागं. तळहाताला फोड येतात, फुटतात, त्यावर टेप गुंडाळून परत वल्हं धरायचं. (हात बघितलेत का कधी अशा पोरांचे?)

म्हणून फेटा बांधाच, पण शाल-श्रीफळावर थांबू नका. खुराकाचा आणि स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च तालमी-मंडळांनी वर्षभर वाटून घ्यावा. आमच्या मंडळात मी हा विषय मांडतोय.