अ‍ॅनालिसिस डोक्यावरून जातंय म्हणून गणित सोडू का?

शाळेत गणितात पैकीच्या पैकी आणि आता डिग्रीला रिअल अ‍ॅनालिसिसमधलं (कॅल्क्युलसमागच्या गोष्टी काटेकोर सिद्ध करणारा विषय) अक्षर कळत नाही, विषय बदलू का, असं विचारलंयत. एवढ्यात नको हो. शाळेत रीत पाठ असली की उत्तर यायचं, इथे नुसतं 'सिद्ध करा' म्हणतात आणि सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही, बहुतेकांचं हेच होतं.

माझ्या मते खरी गोची 'प्रत्येक' आणि 'असा एक तरी' यांच्या क्रमात असते. कंटिन्युइटी म्हणजे फंक्शनच्या किमतीत कितीही छोटा फरक (एप्सिलॉन) मागितला, तरी एक्स किती कमी हलवला की तो पाळला जातो ते अंतर (डेल्टा) देता येणं. साध्या कंटिन्युइटीत हा डेल्टा बिंदूप्रमाणे बदलला तरी चालतो, युनिफॉर्म म्हटलं की एकच डेल्टा सगळीकडे पुरायला हवा. एक्स स्क्वेअर घ्या, एप्सिलॉन ०.१ धरा. १ पाशी डेल्टा ०.०४ चालतो, १०० पाशी ०.०००४ वर यावं लागतं, आणि पुढे जाल तसा अजून बारीक, म्हणून पूर्ण रेषेवर ते युनिफॉर्म नाही, पण ० ते १ मध्ये आहे. हे आकडे स्वतः घालून बघा, नुसती व्याख्या घोकून काही होत नाही.

आणि कोशीसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानेही १८२१ मध्ये छापलं होतं की कंटिन्युअस फंक्शन्सच्या अभिसारी मालिकेची (जिची बेरीज ठरावीक किमतीकडे जाते अशी) बेरीज कंटिन्युअसच असते, १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने साइनची एक मालिका दाखवून ते खोडलं. तिथेही अडचण साधारण याच जातीची होती: किती पदं घेतली की बेरीज पुरेशी जवळ येते हा आकडा बिंदूप्रमाणे बदलत होता, एकच सगळीकडे पुरत नव्हता.

बाकी प्रूफ वाचलं की पुस्तक मिटून स्वतः लिहा, अडलं तर पुढची एकच ओळ बघा. वेळ फार जातो, पण दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.