सल्ला हवा: नगर, असई, अडगाव, गाविलगड (१८०३च्या युद्धाच्या जागा, स्वतःच्या गाडीने)

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून निघून १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या जागा बघायचा बेत आहे. मी, बायको, आठवीतली मुलगी आणि वडील. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेत. गुडघ्यांमुळे त्यांना चढ-उतार झेपत नाही, सपाटीवर मात्र बरंच चालतात. गाडी साधी हॅचबॅक. बजेट सगळं धरून २५ हजार, त्याच्या वर अजिबात जमणार नाही.

इंग्रज सेनापती वेलस्ली ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने जायचं आहे. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. शुक्रवारी सकाळी निघून सोमवारी रात्री घरी, एवढ्यात बसेल का? असईला प्रत्यक्ष बघायला काय आहे? मुक्काम कुठे करावेत? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

रानवाटा
एवढं फिरणारच आहात तर थोडे पैसे वाढवा आणि थेट जैसलमेर गाठा. तिथलं युद्ध संग्रहालय बघा आणि पुढे लोंगेवालाला जा. १९७१च्या डिसेंबरमधले पाकिस्तानी रणगाडे तिथे वाळूत उभे आहेत. आम्ही सगळं कुटुंब विमानाने गेलो होतो, वाळवंटातल्या तंबूत राहिलो, मुलं आजही तेच बोलतात. तुमचे वडील फौजेतले, त्यांना तिथे भरून येईल. शेतं काय बघायची?

नगरकर_जुना
धाग्याच्या विषयावर बोलतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयाला अर्धा दिवस द्याच. पॅटन, सेंच्युरियन, चर्चिल, व्हॅलेंटाइन, आपला विजयंता, आणि रोल्स रॉइसची चिलखती गाडी. जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफही आहे, तोफखान्यातल्या माणसाला तिच्यापुढून हलवणं अवघड जाईल. सगळं उघड्यावर आहे, त्यामुळे सकाळी लवकर जा आणि टोप्या घ्या. जागा लष्कराची, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा आणि निघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या.

नगरचा भुईकोट किल्लाही लष्कराच्याच ताब्यात आहे. लोक नेहरूंची कोठडी बघून परत फिरतात. तुम्ही खंदकाच्या कडेने चालत जा, म्हणजे वेलस्लीने आधी पेठ (किल्ल्याबाहेरचं तटबंदीचं गाव) का घेतली ते कळेल. ८ ऑगस्टला तटाला शिड्या लावून पेठ घेतली आणि मग किल्ल्यावर तोफा डागल्या.

सीनाथडी
नगरपर्यंत येताय आणि खर्डा नाही? जामखेडच्या पुढे खर्डा. ११ मार्च १७९५ला निजामाचा पराभव झाला तो इथे. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एका बाजूने लढले, आणि असं सगळे एकत्र लढले ते शेवटचंच. निंबाळकरांचा किल्ला आहे, निजाम त्यातच कोंडला गेला होता. इंग्रजांच्या विजयाच्या जागा हिंडण्यापेक्षा आपल्या विजयाची बघा. मुलीला काय दाखवायचं हा विचार आधी करा.

मुळाकाठ
खर्डा वेगळ्या सहलीत नक्की. पण मुलीला हरलेली लढाईही दाखवायची आहे. असईत शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तिथेच कापले गेले. ती जागा तिला दाखवली नाही तर कोण दाखवणार?

नाशिक_वारा
सीनाथडी यांना +१. आणि पालखेड विसरलात सगळे. बाजीरावाने निजामाला फेब्रुवारी १७२८मध्ये कोंडीत पकडलं तो सगळा डाव तिथला. आमच्याकडे धरणाजवळच आहे, नाशिकमार्गे या.

जालना_भोकरदन
नाशिक_वारा, धरणाचं पालखेड वेगळं. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यात आहे. कृपया चुकीच्या गावी पाठवू नका.

नाशिक_वारा
मी लहानपणापासून हेच ऐकत आलोय. शाळेच्या सहलीत गुरुजींनीही तेच सांगितलं होतं.

जालना_भोकरदन
गुरुजींचा मान राखून सांगतो, नकाशा उघडा. लढाईनंतरचा तह मुंगी-शेवगावला झाला. निजामाची सगळी धावपळ गोदावरीच्या खोऱ्यातली.

आता असई. गाव भोकरदन आणि जाफराबादच्या मधे आहे. तिथे संग्रहालय किंवा तिकीटघर शोधू नका. बघायच्या त्या दोन नद्या, केळणा आणि जुई. मराठी फौज दोन नद्यांच्या बेचक्यात, केळणेकडे तोंड करून उभी होती. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की खाली उतार (नदी पायी ओलांडायची उथळ जागा) नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. मग मधून वाट असणारच, असं ताडून तो तिथून उतरला आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. शिंद्यांच्या कंपूचा (कवायती पायदळाचा) जर्मनीतल्या हानोव्हरचा अधिकारी पोलमन, त्याने सगळी पायदळाची रांग काटकोनात फिरवून नवी फळी उभी केली. ऐन लढाईत हे करायला किती कवायत लागते हे तुमचे वडील तुम्हाला सांगतील. मग इंग्रजांची उजवी बाजू चुकून असई गावाच्या तटाकडे सरकली आणि ७४ नंबरची हायलँडर पलटण तिथे तोफांखाली सापडली. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या.

हे सगळं उताराच्या जागेवर उभं राहून नकाशा हातात धरला की एका दमात कळतं. डिसेंबरात केळणेला पाणी कमी असतं. शेतात जाण्याआधी मालकाला विचारा, तूर आणि हरभरा उभा असतो.

कोथरूड_गिरीश
आम्ही असईला गेलो होतो, काहीही नाही. रस्ता खराब, चहा मिळायला तासभर. मुलं कंटाळली. त्यापेक्षा अजिंठा जवळ आहे, तिकडे दिवस घाला.

रानवाटा
कोथरूड_गिरीश यांना +१. म्हणूनच मी जैसलमेर म्हणालो.

वऱ्हाडी_माणूस
मुक्कामाचं मी सांगतो. असईहून बुलडाणा-खामगाव करत शेगावला या. संस्थानाच्या भक्तनिवासात स्वच्छ खोली अगदी कमी पैशात मिळते, तुमच्या बजेटचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. नाताळात गर्दी असते, दुपारपर्यंत पोहोचा. कचोरी खा. शेगावहून अडगाव तेल्हारा तालुक्यात, सकाळी जाऊन येण्यासारखं. सिरसोली ते अडगाव असं सपाट रान आहे. तिथे असईसारखा डावपेच नाही, गाडीतून उतरून बघितलं की झालं.

गाविलगडासाठी मात्र वेगळा दिवस हवा. चिखलदऱ्याचा घाट नाताळात गाड्यांनी भरतो, हॉटेलवाले वाटेल तो दर लावतात. मागच्या खेपेला बुकिंग असून आम्हाला एका हॉटेलने दारातून परत पाठवलं. किल्ल्यात चालणं बरंच आहे, चढ-उतारही. पण वेलस्लीच्या जोडीच्या फौजेचा कर्नल स्टीव्हनसन याने डोंगर फोडून ज्या बाजूने तोफा वर आणल्या, ती उत्तरेची खिंड आणि बाहेरचा कोट बघितला की थक्क व्हायला होतं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला तो आतल्या कोटात. युद्ध संपवणाऱ्या दोन तहांपैकी शिंद्यांचा ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला झाला, ते गाव वाटेवरच आहे.

सातारी_बाणा
असईत मराठ्यांचं घोडदळ का लढलं नाही याचं उत्तर कुणी देईल का? शिंदे आणि भोसले स्वतः मैदानातून आधी निघून गेले. कंपू एकटे पडले. त्यात कंपनीने लढाईआधीच फितवा करून शिंद्यांकडचे इंग्रज अधिकारी काढून घेतले होते. बघायला जाणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवून जावं.

जालना_भोकरदन
सातारी_बाणा, बरोबर. पण पोलमनच्या पलटणी तरीही हटल्या नाहीत, ते आधी.

नगरकर_जुना
गाविलगड, नगर, असई सगळं बसवायचं तर एक दिवस वाढवा. नाहीतर असई गाळा. मनापासून सांगतो.

सीनाथडी
असई गाळा आणि खर्डा करा.

मुळाकाठ
सगळ्यांचे आभार. वडिलांबरोबर बसून ठरवलं. गाविलगड गाळतोय, अजिंठाही नाही. शुक्रवारी नगर. शनिवारी सकाळी निघून भोकरदनला मुक्काम, आणि रविवार पूर्ण असईला. पिंपळगावच्या उतारापासून गावाच्या तटापर्यंत चालायचं, वडिलांना झेपेल तेवढं. सोमवारी सरळ घरी. अडगाव आणि शेगाव उन्हाळ्यात वऱ्हाडात लग्न आहे तेव्हा.

ज्यांना वाटतं तिथे काही नाही, त्यांचं म्हणणं मी वाचलं. वडील म्हणाले, मला तोफा कुठून कुठे फिरवल्या तेवढं पायाने मोजायचंय. त्यावर माझ्याकडे दुसरं काही बोलायला नव्हतं.

कोथरूड_गिरीश
बघा बुवा. मुलीसाठी पुस्तक न्या सोबत.

जालना_भोकरदन
भोकरदनमध्ये लॉज साधे आहेत, रविवारच्या जेवणाची सोय आधी बोलून ठेवा. केळणा ओलांडताना गाडी पुलावरूनच न्या, जुन्या वाटेने उतरवू नका, वाळूत चाक रुततं. आणि सकाळी उताराकडून सुरुवात करा, ऊन पाठीशी राहील.

नाशिक_वारा
पालखेडचं मी अजून शोधतोय. वैजापूरकर कुणी असेल तर लिहा.