जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाईली युनिकोडमध्ये (मोबाईल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) कशा आणायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापुरात साखर पेठेत आमच्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, गड्ड्याच्या यात्रेच्या जाहिराती असलं सगळं काम. वर्षानुवर्षांचा मजकूर पेजमेकरमध्ये (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) जुन्या श्रीलिपी फॉन्टात पडलाय, आणि आता गिऱ्हाईक म्हणतं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवा, तर कॉपी करून टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं दिसतात.

ऑनलाईन कन्व्हर्टर वापरून बघितले, पण वेलांटी आणि रफार हमखास चुकतो. कारण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते न् रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळं 'कार्यक्रम'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. पत्रिकेत असली चूक अजिबात चालत नाही बघा, लोकांच्या घरचं कार्य असतंय.

ऑफलाईन चालणारा, एकदम भरपूर फाईली घेणारा कन्व्हर्टर कुणी वापरलाय का? पत्रिकेत लोकांचे पत्ते न् मोबाईल नंबर असतात, ते कुठल्याही वेबसाईटवर टाकायला मन होत नाही.

अजून एक, पीसी विंडोज १० वर आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसल्यानं विंडोज ११ बसत नाही. पेजमेकरपुरता तो नेट काढून तसाच ठेवावा आणि बाकीच्या कामाला दुसऱ्या मशीनवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) न् लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) घ्यावं का? काकांचा हात जुन्या कीबोर्डवर बसलाय, इनस्क्रिप्ट (युनिकोड टायपिंगचा प्रमाण कीबोर्ड) शिकायला किती जड जाईल, तेही अनुभव असेल तर सांगा.