विंडोज 11 वर माझा प्रोग्राम ‘विंडोज 8’ सांगून राहिला

प्रश्न (घाटंजी)
नमस्कार भाऊ. जिनिंगच्या वजनकाट्यासाठी पावतीचा प्रोग्राम मी 2009 साली डेल्फी 7 मध्ये लिहिला, अजून तोच चालतो. विंडोज पाहून तो काट्याच्या केबलचा ड्रायव्हर टाकतो, 7 वर जुना आणि 10 पासून पुढे नवा. आजवर सगळीकडे विंडोज 7 च होती, म्हणून 10 ची अट नुसती लिहून ठेवलेली. परवा एका जिनिंगात विंडोज 11 चा नवा कॉम्प्युटर बसवला, तर आवृत्ती सांगणाऱ्या गेटव्हर्जनएक्स फंक्शनने 6.2, बिल्ड 9200, म्हणजे विंडोज 8 चा आकडा दिला आणि जुना ड्रायव्हर पडला. स्क्रीनवर वजनच येईना. फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग, मी हाताने पावत्या फाडत बसलो. पहाटे चारला घरून निघालेल्या माणसाला काय सांगायचं? हे चुकीचं काऊन सांगून राहिलं? सोर्स माझ्याकडे आहे.

उत्तर (वर्धा)
बिघाड नाही भाऊ, तसंच ठरवलेलं आहे. जुने प्रोग्राम अनोळखी आकडा पाहून अडून बसायचे. म्हणून 2013 च्या 8.1 पासून, मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलीत, नव्या विंडोजचा सपोर्टेडओएस आयडी (ही विंडोज चालते हे सांगणारी खूण) नसला की प्रोग्रामला 6.2 च मिळतं. विंडोज 10 चा आयडी टाका. 11 ला वेगळा आयडी नाही, आणि तीही 10.0 च सांगते. बिल्ड 22000 किंवा वर असलं की 11 समजा.

उत्तर (अचलपूर)
मी तर विंडोजच्याच एनटीडीएलएल फाइलमधलं आरटीएलगेटव्हर्जन फंक्शन वापरतो, त्याला मॅनिफेस्ट लागत नाही. फक्त बोलावण्याआधी रेकॉर्डच्या पहिल्या खान्यात त्याची साइझ भरा, हे विसरतंच माणूस. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) प्रॉडक्टनेमच्या भरवशावर राहू नका, 11 वरही तिथं ‘विंडोज 10’ च असतं.
अन् एक पाहा बरं, तुम्ही आवृत्ती आकडा म्हणून न घेता स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं म्हणून तर जुळवत नाही ना? अक्षरांच्या हिशेबात ‘10.0’ हे विंडोज 7 च्या ‘6.1’ पेक्षा लहान पडतं.

घाटंजी
हाव, स्ट्रिंगच होती! नुसता मॅनिफेस्ट टाकला असता तरी जुनाच ड्रायव्हर गेला असता. मेजर, मायनर, बिल्ड आता तीन पूर्णांकांत ठेवले. आरटीएलने 10, 0, 22631 दिलं आणि नवा ड्रायव्हर बसला. आज सकाळी पहिली बंडी काट्यावर चढली, तसा स्क्रीनवरचा आकडा हलला अन् 1140 वर थांबला. दोघांचेही मनापासून आभार.