मॅमोग्राफीची गाडी की नर्सबाईंची बोटं? पैसा कुठे घालावा?

केतकी:
आमच्या तालुक्याला मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरसाठी छातीचा एक्स-रे काढणारी, फिरती गाडी मिळावी म्हणून निवेदन निघालंय. मी सही केली नाही, आणि त्यावरून घरीदारी बोलणी खातेय. माझं म्हणणं मांडते.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासली, तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. २०२१ साली निकाल आला: न तपासलेल्यांच्या तुलनेत पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याआधी २००८ मध्ये भारतासाठी खर्चाचं एक गणित मांडलं गेलं होतं. चाळीस ते साठ वयात हाताने तपासणी दर पाच वर्षांनी केली तर मृत्यू ८.२ टक्के कमी, दर दोन वर्षांनी केली तर १६.३ टक्के. दरवर्षी केली तर मृत्यू टाळण्यात दर दोन वर्षांनी केलेल्या मॅमोग्राफीच्या जवळ जाते, निम्म्या खर्चात!

सरकारचं २०१६ चं धोरण दर पाच वर्षांनीच हाताने तपासा म्हणतं. गाडीचा पैसा हे अंतर दोन वर्षांवर आणायला घाला ना.

रानजाई:
अर्धंच सांगितलंत. टाटाच्या त्याच अभ्यासात सगळ्या वयाच्या बायका एकत्र धरल्या तर घट १५ टक्के, आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, म्हणजे निव्वळ योगायोगही असू शकतो. पन्नाशीच्या आतल्यांना फायदा दिसलाच नाही. आपल्याकडे चाळिशीतच किती जणींना होतो! माझ्या नणंदेच्या छातीत बोटांना काहीच लागलं नव्हतं. मॅमोग्राफीत खडूच्या भुकटीसारखे बारीक ठिपके दिसले, म्हणून आज ती आहे. शहरातल्या बाईला मशीन आणि खेड्यातलीला बोटं, हे मला पटत नाही. सही कराच.

केतकी:
नणंदबाई बऱ्या आहेत हे वाचून खरंच बरं वाटलं. पण तरुण वयात स्तनांचा आतला भाग दाट असतो, त्यामुळे मॅमोग्राफीतही गाठ लपते आणि नसलेली शंका येते. इंग्लंड मॅमोग्राफीला पन्नाशीपासून आणि तेही दर तीन वर्षांनी बोलावतं. अमेरिकेने २०२४ मध्ये चाळिशीपासून सुरू करा म्हटलं, मान्य. पण फिल्म वाचायला रेडिओलॉजिस्ट कुठून आणायचा?

गटप्रवर्तक:
दोघींनी एकदा उपकेंद्रात येऊन बघा. मी आशाताईंच्या कामावर देखरेख करते; मी जिथे काम करते तिथे तपासणीच्या खोलीला पडदा नाही. बाहेर बाकावर गावचे पुरुष बसलेले. बाई पदर घट्ट धरून म्हणते, ‘मला काय नाय झालं.’ नर्सबाई एकटी, बाहेर लसीकरणाची रांग. रजिस्टरात बरोबरची खूण होते, हात लागतच नाही.

आणि गाठ लागली तरी पुढे? गेल्या वर्षी एकीला मी स्वतः जिल्ह्याला नेलं. पहिल्या दिवशी सोनोग्राफी, बायोप्सीला (गाठीचा तुकडा काढून तपासायला) आठ दिवसांनी या, रिपोर्टला परत या. तीन खाडे, तीन वेळा एसटी. चौथ्यांदा ती आलीच नाही. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत उपचार फुकट आहेत हो, पण तिथवर पोचायचे हेलपाटे तिचेच.

रानजाई:
हे वाचून गप्प झाले. तरी गाडीची मागणी मी सोडणार नाही. ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी तरी मशीन जवळ हवंच.

केतकी:
शंका असलेल्यांसाठी असेल तर माझी सही घ्या. पण निवेदनात वर हे लिहा: खोलीला दार, तपासणीच्या दिवशी दुसरी नर्स, आणि सोनोग्राफी-बायोप्सी एकाच दिवशी. गटप्रवर्तक ताई, मसुदा तुम्ही तपासाल का?