वेस्टर्न ब्लॉटवर कॅल्मोड्युलिनचा बँड येतच नाही

प्रश्न

तीन आठवडे झाले, कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम धरणाऱ्या प्रोटीनच्या एकाच ब्लॉटमागे लागले आहे (म्हणजे प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची). उंदराच्या मेंदूचा लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क), १५ टक्के जेल, ०.४५ मायक्रॉन छिद्रांचा नायट्रोसेल्युलोज मेम्ब्रेन, प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर. बँड १७ किलोडाल्टनच्या आसपास हवा, पण तिथे काहीच नाही. त्याच ब्लॉटवर ॲक्टिन ठळक येतं. अँटिबॉडी १:१००० वरून १:२०० पर्यंत वाढवली, तर नुसतं बॅकग्राउंड काळं झालं. पाँसोमध्ये (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीन दाखवणारा रंग) खालच्या भागात फिकट रंग दिसला होता, म्हणजे ट्रान्सफर झालं असावं. गाईड म्हणतात, अँटिबॉडी बाद आहे, दुसरी मागव. पण याच कुपीतून शेजारच्या लॅबने पेशींवर छान स्टेनिंग केलंय, त्यामुळे मन मानत नाही.

प्रतिसाद १

इतक्यात दुसरी मागवू नका. मी याच प्रोटीनपायी सहा महिने घालवलेत आणि दोष अँटिबॉडीचा नव्हता.

कॅल्मोड्युलिन लहान आणि खूप आम्लधर्मी. ०.४५ च्या छिद्रांतून बरंचसं आरपार जातं, आणि जे चिकटतं तेही ब्लॉकिंग (मेम्ब्रेनवरची मोकळी जागा झाकणं) आणि वॉशमध्ये सुटतं. म्हणून पाँसोत दिसलं एवढ्यावर विसंबू नका. पाँसो ब्लॉकिंग-वॉशच्या आधीचं चित्र दाखवतो. मला हे कळलं ते डॉट ब्लॉटवरून, म्हणजे जेल न वापरता थेट मेम्ब्रेनवर ठिपके देऊन. शुद्ध कॅल्मोड्युलिनचे दोन ठिपके दिले, एक फिक्स करून (रसायनाने मेम्ब्रेनवर पक्का करून), एक तसाच. वॉश संपेपर्यंत दुसरा जवळजवळ नाहीसा झाला होता. त्या दिवशी इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही.

०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ मेम्ब्रेन घ्या. ट्रान्सफर झाल्यावर, ब्लॉकिंगच्या आधी, मेम्ब्रेन ०.२ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, फ्यूम हूडमध्येच, आणि नंतर नीट धुवा. एपिटोप (अँटिबॉडी जिथे चिकटते तो भाग) झाकला गेलाय असं वाटलं तर पॅराफॉर्मल्डिहाइडने करून पाहा. एका लेनमध्ये शुद्ध प्रोटीन हवंच, नाहीतर अडलंय कुठे ते कळणार नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक मात्र सांगते: पेशींवर स्टेनिंग चांगलं आलं म्हणून ब्लॉटवर चालेल असं नाही, आणि ते स्टेनिंग कॅल्मोड्युलिनचंच आहे हेही त्यावरून सिद्ध होत नाही.

बँड आला की ओळख पटवायची सोपी रीत आहे. एका नमुन्यात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालून शेजारी शेजारी चालवा. कॅल्शियम धरलेलं कॅल्मोड्युलिन एसडीएस जेलमध्येही जास्त वेगाने खाली जातं. बँड सरकला तर खात्री धरा.

प्रश्नकर्ती

आला! फिक्स केलेल्या अर्ध्या मेम्ब्रेनवर १:१००० लाच स्वच्छ बँड, न केलेल्या अर्ध्यावर जेमतेम सावली. कॅल्शियमच्या लेनमध्ये बँड खाली सरकलाही. दोघांचे मनापासून आभार. आता कंट्रोल म्हणून पेशींमध्ये कॅल्मोड्युलिनचा कुठला जीन बंद करू? एकटा कॅल्म-१ (CALM1) पुरेल का?

प्रतिसाद २

नाही पुरणार. कॅल्म-१, कॅल्म-२ आणि कॅल्म-३ हे तिन्ही जीन हुबेहूब तेच प्रोटीन बनवतात. एक बंद केला तरी बँड राहील आणि तुम्ही विनाकारण अँटिबॉडीवर संशय घ्याल. तिन्हींवर एकदम सायआरएनए (जीनचं काम दाबणारे छोटे आरएनए) द्या, आणि पेशी मरायला लागण्याआधी नमुना काढा.